खळीत नट वाजत नाही

२००५च्या हिवाळ्यात, एका सकाळी नऊच्या सुमारास, शेलार गावाजवळच्या आमच्या सायझिंगमध्ये खळीच्या टाकीतल्या ढवळणीचा एक नट नाहीसा झाल्याचे लक्षात आले. लूमवर चढण्याआधी ताण्याच्या सुताला तिथे खळ देतात. फिजिक्समध्ये बी.एस्सी. होऊन मी तिथे मशीन सांभाळणाऱ्या मास्टरांच्या हाताखाली लागलो होतो.

नट टाकीत असेल तर तो कधी ना कधी सुताबरोबर, जादा खळ पिळून काढणाऱ्या दोन रबरी रोळांमध्ये जाणार आणि रबर कापणार. मागच्याच महिन्यात एक रोळ कापला गेला होता. कशाने, ते कळले नव्हते. पुन्हा असे झाले तर कामावर येऊ नका, असे शेठनी मास्टरांना सगळ्यांसमोर सांगितले होते. मास्टर पन्नाशी उलटलेले, गावातलेच.

तपासायची रीत ठरलेली होती. ढवळणी फिरवायची, टाकीला लाकडी काठी टेकवायची आणि तिचे दुसरे टोक कानाशी धरायचे. मास्टरांनी तीनदा ऐकले. मग मी ऐकले. आवाज नव्हता.

"नट असता त वाजला असता," ते म्हणाले. "न्हाय वाजत, म्हंजे न्हाय."

मशीन पंधरा मिनिटांत सुरू करायचे ठरले. माझे मन मानेना. एका ग्लासात पाणी, दुसऱ्यात खळ घेतली आणि बेअरिंगच्या दोन-दोन गोळ्या एकीवर एक सोडल्या.

"काय सायन्सवाले, सरबत करताय काय?" मास्टरांनी विचारले.

मी त्यांना ग्लासाला कान लावायला सांगितले. पाण्यात टण् झाले. खळीत काहीच नाही. दोन गोळ्या भिडण्याआधी मधली खळ बाहेर ढकलली जावी लागते, त्यातच वेग संपतो, म्हणून टाकीत नट असला तरी वाजणार नाही, हे मी सांगितले. त्यांनी गोळी पुन्हा सोडायला लावली. पुन्हा ऐकले.

टाकी रिकामी करायची तर सगळी खळ वाया जाणार होती, खळ दिलेले सूत गुंडाळायच्या बीमला उशीर होणार होता. शेठ अकराला यायचे होते. दहा वाजून पाच मिनिटांनी मास्टरांनी खालचा व्हॉल्व्ह स्वतः उघडला.

टाकीच्या तळाशी दोन नट निघाले. एक नवा, एक गंजलेला.

शेठ आले तेव्हा दोन्ही नट त्यांच्या टेबलावर होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या शिफ्टला मास्टर हजर होते.