थेंबमास्तरांच्या वडिलांचे डाग

कारखान्यात त्यांना सगळे थेंबमास्तर म्हणत. शिकवण्याशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. चारचौघांत बोलायची वेळ आली तर ते बायकोला पुढे करत. पण थेंब बघावा तर त्यांनीच, हे वरच्या साहेबांपासून फाटकावरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळ्यांना मान्य होतं.

काम सांगायला सोपं होतं. फिनॉल म्हणजे दवाखान्याच्या फरशीला जो उग्र वास येतो, त्याच घराण्यातला द्रव. तो गरम भांड्यात घालून त्यात एक वायू सोडला की वायू त्याला चिकटतो. पण कुठे चिकटेल याचा नेम नाही. कधी बरोबर समोरच्या जागी, कधी शेजारी, कधी दोन्हीकडे. समोर चिकटलेल्या मालाला 'पॅरा' म्हणत. त्याला मागणी होती, त्यापासून बुटांचे तळवे चिकटवायचा डिंक होई. शेजारी चिकटलेला तो 'ऑर्थो'. दोघं एकाच भांड्यातून एकमेकांच्या गळ्यात गळे घालून बाहेर येत. त्यांना वेगळं करायला पाच मजली उंच लोखंडी कॉलम होता. त्याच्या बुडाशी माल उकळायचा, वरून वाफ थंड होऊन उतरायची. आधी उरलेलं फिनॉल, मग ऑर्थो, मग पॅरा, आणि शेवटी तळाशी काळपट, जडशीळ गाळ.

अडचण अशी, की ऑर्थो आणि पॅरा यांच्या उकळण्यात जेमतेम पंधरा अंशांचा फरक. ऑर्थो संपून पॅरा कधी सुरू झाला हे प्रयोगशाळेला विचारावं, तर उत्तर यायला चाळीस मिनिटं. तेवढ्यात एक तर चांगला माल वाया जायचा, नाही तर वाईट माल चांगल्यात मिसळायचा. मास्तर मात्र बारकी तोटी उघडून स्टीलच्या ताटलीवर एक थेंब घ्यायचे. पॅरा शुद्ध असेल तर थेंब कडेपासून आत पांढरा होत जातो आणि मेणासारखा कडक गोठतो. ऑर्थो उरला असेल तर मधोमध एक तेलकट डोळा ओला राहतो. मास्तर त्या डोळ्याकडे बघत. "अजून नाही," म्हणत. पुन्हा थेंब. "अजून नाही." आणि मग, "वळवा!" म्हणताच धार पॅराच्या टाकीकडे वळवली जाई. सव्वीस वर्षांत त्यांचा अंदाज दोनदा चुकला होता, आणि दोन्ही वेळा त्यांना ताप होता.

पॅराची दुसरी खोड म्हणजे तो उकळत्या पाण्याइतक्या उष्णतेलाही नळीत गोठून बसे. म्हणून नळ्यांना वाफेचे वेढे दिलेले असत. एखादा वेढा थंड पडला की नळी बंद. नेमकी कुठे गोठली हे शोधायची रीत मास्तरांना म्हाताऱ्या फोरमननी शिकवली होती. मनगटाची मागची बाजू नळीच्या जोडांवरून केसभर अंतर ठेवून न्यायची. जिथे ऊब तुटेल तिथे गाठ. मग तो जोड खोलायचा आणि आतला पांढरा भुगा सळईने, नाही तर बोटांनी उकरायचा. हातमोजे मिळत, भरपूर मिळत. पण मोज्यातून ऊब कळत नाही. मोजे घालून गाठ शोधणाऱ्याला सगळे हसत. "नवरदेव आले," म्हणत.

मास्तरांच्या उजव्या मनगटावर पहिला डाग उमटला तेव्हा ते पस्तिशीचे होते. तांदळाच्या दाण्याएवढा, पांढरा. न खाज, न आग. त्यांनी तो आठवडाभर बाहीखाली लपवला, मग फोरमनना दाखवला. फोरमननी आपली दोन्ही मनगटं पुढे केली. ती पांढऱ्या नकाशासारखी दिसत होती.

"वार्षिक तपासणीत डॉक्टर विचारतील," फोरमन म्हणाले. "घरात आधी कुणाला होतं का, असा रकाना आहे. नाही म्हणालास तर डाग कामाचे ठरतील, आणि तुला कॉलमवरून काढून यार्डात पिंपं मोजायला बसवतील. वडील आहेत?"

"मी सहा वर्षांचा असताना गेले."

"मग वडिलांचं नाव सांग. गेलेला माणूस तक्रार करायला येत नाही."

मास्तरांना यार्डाची भीती नव्हती. पण थेंब सोडून पिंपं मोजायची या कल्पनेनंच त्यांचा जीव कासावीस झाला. त्यांनी सांगितलं. डॉक्टरांनी लिहिलं. मास्तरांनी खाली सही केली. घरी आईला कळलं तेव्हा ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यांच्या अंगावर तीळसुद्धा नव्हता रे." त्यानंतर ती चार वर्षं जगली, पण हा विषय तिनं पुन्हा काढला नाही. मास्तरांना तेच जास्त लागलं.

डाग वाढत गेले. बोटं पांढरी झाली, मग कोपरापर्यंत, मग गळ्यावर एक पट्टा. मास्तरांनी मनाला लावून घेतलं नाही. पुरुषमाणूस, कारखान्यातला, कोण बघतंय! खरी गोष्ट पुढे घडली, आणि ती त्यांच्या हातांवर घडली नाही.

त्यांची बायको लहान मुलांच्या शाळेत मदतनीस होती. मुलांना भरवायचं, हात धुवायचे, शेंबूड पुसायचा, रडणाऱ्याला कडेवर घेऊन खिडकीशी उभं राहायचं. अकरा वर्षं करत होती. शाळेतल्या निम्म्या मुलांना आईच्या आधी तिची हाक ओळखू यायची. घरी स्वतःची मुलं झाली नव्हती. त्याबद्दल ती कधी बोलायची नाही, पण शाळेला सुट्टी लागली की दोन दिवसांत चिडचिडी व्हायची.

आणि ती मास्तरांचा कोट धुवायची. कारखान्यात धुलाईखातं होतं, पण तिथून परत येणारा कोट दुसऱ्याच कुणाचा असे, बाह्या गुडघ्यापर्यंत लोंबत. "असला बुजगावण्याचा वेश करून जाऊ नका," म्हणून ती कोट घरी आणायला लावायची. बाह्यांचे काठ नि खिसे उलटे करून हातानं चोळायची. खिशातून पांढरे पापुद्रे पडायचे. "काय हो, कारखाना घरी आणताय की काय थोडा थोडा?" असं म्हणून हसायची.

एका सकाळी तिनं आपली उजवी तर्जनी त्यांच्यापुढे धरली. नखाच्या मुळाशी तांदळाचा एक दाणा.

"अहो, हे बघा. तुमचं मला लागलं वाटतं."

ती थट्टेनं म्हणाली. मास्तरांनी चहाचा कप तसाच खाली ठेवला. वर्षभरात तिची दहाही बोटं पांढरी झाली.

शाळेत कुणा आईनं आधी मुलाला वेगळा डबा दिला, मग मुख्याध्यापिकांना चिठ्ठी लिहिली, मग आणखी आठजणींनी सह्या केल्या. मुख्याध्यापिका वाईट नव्हत्या. त्यांनी दार लावून घेतलं, पाणी दिलं.

"हे लागत नाही, मला माहीत आहे. पण मला माहीत असून काय उपयोग? पालकांना कळायला हवं. अंगातला रोग नाही, नवऱ्याच्या कारखान्यातल्या रसायनानं झालंय, एवढं कारखान्याच्या डॉक्टरांकडून लिहून आणा. खाली शिक्का हवा. शिक्का बघितला की तोंडं बंद होतात. महिनाअखेरपर्यंत थांबते मी."

कारखान्याबाहेरच्या त्वचारोगाच्या डॉक्टरांनी आधीच हात वर केले होते. कोटावर काय होतं ते कारखान्यानं सांगितल्याशिवाय कारण कसं लिहू, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे सगळं येऊन थांबलं ते कारखान्याच्या डॉक्टरांवर.

मास्तरांनी रजा टाकली, बायकोला घेऊन डॉक्टरांच्या खोलीत गेले. खोलीत एक टेबल, वजनाचा काटा आणि भिंतभर करड्या रंगाचं कपाट. डॉक्टरांनी त्यातून मास्तरांची फाइल काढली, उलटली, एका पानावर बोट ठेवलं.

"तुमच्या वडिलांना होतं, मास्तर. तुम्हीच सांगितलंय. ही सही तुमचीच ना?"

"सही माझीच. पण ते खोटं होतं, साहेब."

"खोटं का सांगितलंत?"

"कॉलम सुटू नये म्हणून."

"आणि आज खरं का सांगताय?"

मास्तरांनी बायकोकडे बघितलं. डॉक्टर मऊ आवाजात म्हणाले, "तेव्हा एका नोकरीसाठी सांगितलंत, आज दुसऱ्या नोकरीसाठी सांगताय. यातलं कुठलं खरं धरायचं ते मी कसं ठरवू?"

तेव्हा बायकोनं आपले दोन्ही हात टेबलावर ठेवले. पंजे उताणे नाहीत, पालथे.

"डॉक्टरसाहेब, माझ्या सासऱ्यांना होतं असं घडीभर धरून चालू. ह्यांना त्यांच्याकडून आलं. मग मला कुणाकडून आलं? मी तर सुनेच्या नात्यानं आले त्या घरात."

डॉक्टर पुढे वाकून एकेक बोट बघत गेले. मास्तरांना वाटलं, झालं. थेंब कडेपासून पांढरा व्हायला लागतो तेव्हा छातीत जसं व्हायचं तसं त्यांना झालं.

"तुमचं म्हणणं बरोबर आहे," डॉक्टर म्हणाले. "मलाही दिसतंय. पण बाई, तुम्ही माझ्या पेशंट नाही. कारखान्यात न येणाऱ्या माणसाबद्दल मला एक अक्षर लिहिता येत नाही. आणि यांच्याबद्दल लिहायचं तर हे पान खोडायला हवं. ते खोडायला वरचे पुरावा मागतील. आणखी कुणी लिहून देईल का, की डाग कामामुळे आले? दोघंतिघं जरी पुढे आले तरी मी वर पाठवीन. शब्द देतो."

बाहेर पडल्यावर बायको पायऱ्या उतरताना पहिल्यांदा मोकळं हसली. "दोघंतिघं ना? तुमच्याकडे तर अख्खी फौज आहे पांढऱ्या हातांची."

मास्तर त्याच संध्याकाळी म्हाताऱ्या फोरमनकडे गेले. फोरमन निवृत्त होऊन दोन गल्ल्या पलीकडे राहत होते. आता त्यांचा चेहराही अर्धा पांढरा झाला होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला.

"देईन की लिहून. हात थरथरतो, पण देईन. काही उपयोग मात्र नाही रे."

"का?"

"माझ्या फाइलीत माझी आई आहे. तिलाही होतं म्हणून मी सांगितलंय."

मास्तर दुसऱ्या दिवशी पंपावरच्या माणसाकडे गेले. त्याच्या फाइलीत त्याचे वारलेले चुलते निघाले. गाळ काढणाऱ्याच्या फाइलीत थोरली बहीण, लहानपणीच गेलेली. भांड्यावरच्या दोघा भावांनी तर एकाच आजोबांचं नाव दिलं होतं, आणि त्यातही डाग कुठे होते याला एकानं डावा पाय म्हटलं होतं, दुसऱ्यानं पाठ. तेरा माणसं झाली. कुणी नाही म्हणालं नाही, सगळे मदतीला तयार होते. पण प्रत्येकानं आपापली सही आधीच करून ठेवली होती, आणि बहुतेकांना वाटत होतं की ही युक्ती आपल्या एकट्याचीच. त्या करड्या कपाटात तेरा फाइलींतली गेलेली माणसं अंगावर कधीच नसलेले डाग घेऊन बसली होती, आणि जिवंत माणसांपेक्षा त्यांचा शब्द वजनदार ठरला होता.

डॉक्टरांनी तेरा नावांची यादी वाचली आणि घडी घालून परत दिली. "मास्तर, ही वर पाठवली तर तेराही जण खोटं लिहून दिल्याबद्दल बाहेर जातील. आणि तुमच्या मिसेसना कागद मिळणार नाही तो नाहीच."

मास्तरांनी यादी खिशात घातली. घरी बायकोला सांगताना त्यांनी ती काढली नाही, नुसती मान हलवली.

महिना संपायला तीन दिवस असताना ती आपण होऊन शाळा सोडून आली. मुख्याध्यापिकांनी कोठीतलं काम देऊ केलं होतं, मुलांपासून लांब, डबे लावून ठेवायचं. "मुलांचा आवाज भिंतीपलीकडून ऐकत बसू होय?" ती म्हणाली. तिनं पिशवीतून आपला शाळेतला कप काढला, धुतला आणि फडताळात मागच्या बाजूला ठेवला. मग मास्तरांच्या कोटासाठी हात पुढे केला.

"मी धुतो," मास्तर म्हणाले.

"तुम्हाला येतं का धुता? द्या इकडे. आता कुणाला हात दाखवायचेत?"

त्यांनी कोट सोडला नाही. तिनंही सोडला नाही. दोघं काही वेळ ती बाही धरून उभे राहिले, आणि मग मास्तरांनीच हात काढून घेतला, कारण तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते बघण्याची त्यांची तयारी नव्हती.

पुढच्या आठवड्यात मास्तर हातमोजे घालून कामावर गेले. कुणी नवरदेव म्हणालं नाही. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरची नळी गोठली. मास्तर मोज्यांनी चाचपत राहिले. दहा मिनिटं, वीस मिनिटं. खालून साहेबांचा आवाज चढत गेला, वर कॉलममध्ये दाब वाढत होता. शेवटी त्यांनी मोजा दातांनी ओढून काढला, मनगट नळीवरून नेलं. चौथ्या जोडाशी ऊब तुटली.

जोड उकरून ते खाली आले तेव्हा माल थंड करून त्याचे पापुद्रे पाडणाऱ्या मशीनवरचा माणूस जिन्याशी थांबलेला होता. तीन मुलींचा बाप, कामावर येऊन चार वर्षं झालेला. त्यानं इकडेतिकडे बघितलं आणि बाही वर केली. मनगटावर एक दाणा.

मास्तरांनी त्याचा हात धरला. इतक्या जोरात धरला की तो दचकला.

"हे बघ, तपासणीत विचारतील. खरं सांग. कामावरच झालंय म्हणून सांग. यार्डात टाकतील, टाकू दे. घरात कुणालाही नव्हतं असंच लिही. ऐकतोयस ना?"

त्यानं ऐकलं. मग ओशाळून हसला, हात हळूच सोडवून घेतला आणि बाही खाली केली.

"मास्तर, तपासणी सकाळीच झाली," तो म्हणाला. "मी आत्याचं नाव सांगितलं."

वरून कुणीतरी हाक मारली, ऑर्थो संपत आला होता. मास्तर ताटली घेऊन तोटीशी गेले आणि त्यांनी थेंब घेतला. मधला डोळा अजून ओला होता.