मावशीचा जबाब

तो जबाब मला आजही शब्दन् शब्द पाठ आहे. आठवला की अंगाची लाही होते, आणि त्यातला निम्मा राग माझा माझ्यावरच असतो.

तेव्हा मी भिलाईत ठाणेदार होतो. खुर्सीपारच्या एका गल्लीतली वीस-पंचवीस माणसं रविवारी मिनीबस करून धबधब्याला गेली होती. बायकांनी पायथ्याशी चूल मांडायची आणि ज्यांना हौस असेल त्यांनी ओढ्याकाठच्या पायवाटेनं वर धबधब्यापर्यंत चालत जायचं, असा बेत होता. वाट सुरेख आहे, मी स्वतः ती चाललो आहे. त्या दिवशी चार तरुण पुढे गेले आणि तिघेच खाली आले. चौथा कुंडाकाठच्या दगडांवर पडलेला सापडला. भिलाईच्या दवाखान्यात आणल्यावर तासाभरात तो गेला. चोवीस वर्षांचा, कंत्राटी कामगार. घरात तो आणि त्याची आई, दोघंच.

मृत्यू आमच्या हद्दीत झाला म्हणून मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, आमच्या ठाण्यात झाली. तिघा मित्रांनी एकच हकिकत सांगितली. त्याला चक्कर येत होती, म्हणून आम्ही त्याला अर्ध्या वाटेवरून परत पाठवलं. एकटा उतरताना फोटोच्या नादानं खडकावर गेला असेल, पाय घसरला असेल. तिघांतला म्होरक्या वॉर्डात वजन असलेल्या माणसाचा मुलगा. तो मान खाली घालून रडला सुद्धा.

प्रत्यक्ष पाहणारी एकच होती. त्याच गल्लीतली साठीची मावशी, मूळची भंडाऱ्याकडची. गुडघे दुखतात म्हणून ती सगळ्यांच्या मागून चढत होती आणि दम खायला कुंडासमोरच्या वळणावर बसली होती. तिचा जबाब ठाण्याच्या मुंशीनं घेतला. मुंशी म्हणजे आमच्याकडचा लिखापढी पाहणारा हवालदार. माणूस सरळ, पण बिलासपूरकडचा, मराठीचा गंध नाही. त्यानं हिंदीत लिहिलं, ‘उसने उसे लौटा दिया।’ त्यानं त्याला परत पाठवलं. मुलांच्या सांगण्याशी तंतोतंत जुळलं. खाली नेहमीचं वाक्य, ‘पढ़कर सुनाया, सही होना पाया।’ त्याखाली तिची सही आणि त्याखाली माझी. मी त्या दिवशी एका मंत्र्याच्या बंदोबस्तात होतो. संध्याकाळी येऊन गठ्ठ्यानं सह्या केल्या.

सहा महिने गेले. मर्ग बंद करायचा अहवाल तयार होत आला होता. एके दिवशी ठाण्यात निनावी फोन आला. बोलणारा हिंदीत एवढंच म्हणाला, ‘साहब, मौसी को फोड़ लिया है। लड़का गिरा नहीं था।’

मी भडकलो. मेलेल्या पोराच्या शेजारणीनंच त्याच्याशी दगाबाजी करावी? मावशीला बोलावलं आणि समोर बसवून हिंदीत फैलावर घेतलं. कुणाच्या सांगण्यावरून जबाब दिला, काय कबूल केलं तुला? ती मोडक्या हिंदीत ‘हम सच बोले साब’ एवढंच म्हणत राहिली. अर्धा तास झाला. शेवटी माझा तोल गेला आणि तोंडून घरची भाषा निघाली. मी दुर्गच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेला, नागपूरकडच्या आईबापाचा. संतापात माणूस आपल्याच भाषेत येतो, हे मी शेकडो आरोपींत पाहिलं होतं, स्वतःत त्या दिवशी पाहिलं.

‘मावशी, खरं सांगा. काय पायलं तुमी?’

 ती म्हणाली, ‘तुमाले मराठी येते? मंग सा महिने कावून मले हिंदीत बोलवून राहिले?’ आणि तिनं सगळं सांगितलं. ‘तो खडकावर उभा होता. तो नाही म्हनून राहिला होता, मले पोहता येत नाही म्हने. तो वार्डातल्या मोठ्या मानसाचा पोरगा मोबाईल धरून हासून राहिला होता. मंग दुसऱ्याच्या हाती मोबाईल देल्ला अन् मांगून त्याले लोटलं. मी पयल्याच दिवशी सांगतलं, साहेब. लोटलं म्हनून.’

लोटलं. समोरच्या कागदावर होतं, ‘लौटा दिया’.

ती म्हणाली होती ढकललं. आम्ही लिहिलं परत पाठवलं. खुन्याच्या सोयीचा जबाब आम्ही आमच्याच हातानं तयार केला होता, आणि तो तिला ‘पढ़कर सुनाया’ होता, तिला न कळणाऱ्या भाषेत, सरकारी वेगानं. त्या ठाण्यात मराठी समजणारा मी एकटा होतो आणि मी वाचलंसुद्धा नाही.

पुढचं काम दोन दिवसांचं. तिघांना वेगवेगळं त्या पायवाटेवर नेलं आणि एकच विचारलं, परत कुठून पाठवलं ती जागा दाखव. तिघांनी तीन जागा दाखवल्या. तिसऱ्यानं तिथंच मोबाईल माझ्या हातात दिला. त्याच्या मोबाईलमधून पुसलेला व्हिडिओ सायबरवाल्यांनी परत काढला. रील बनवायची होती म्हणे. त्या व्हिडिओत पोरगा हात जोडून नको म्हणतो आणि मागून तिघांचं हसणं ऐकू येतं. मी नोकरीत पुष्कळ मुडदे पाहिले, पण त्या हसण्यानं मला जेवढी चीड आली तेवढी कशानंच नाही. सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल झाला. म्होरक्याच्या वडिलांचं वजन कामी आलं नाही.

मावशीचा नवा जबाब मी स्वतः लिहिला. ‘लोटलं’ हा तिचा शब्द तसाच अवतरणात ठेवला आणि पुढे हिंदी अर्थ दिला. निवृत्त होईपर्यंत हीच पद्धत ठेवली. साक्षीदार गोंडी बोलो, छत्तीसगढी बोलो, नेमका शब्द त्याचाच लिहायचा. हाताखालचे कुरकुरत. कुरकुरू दिलं.

मग मुलाच्या आईला सांगायला मी खुर्सीपारला गेलो, कारण पहिल्या जबाबाची नक्कल तिच्या वकिलानं तिला सुरुवातीलाच वाचून दाखवली होती आणि मावशी त्या पोरांच्या बाजूनं खोटं बोलली असं तिनं धरलं होतं. मावशी खोटं बोलली नव्हती, चूक आमची होती, हे मी उंबऱ्यात उभं राहून मराठीत सांगितलं. 

‘सा महिने मी तिच्यासंग बोलली नाही, साहेब,’ आई म्हणाली. ‘नळावर आली का मी पाठ फिरवायची. तिनं एकदाबी विचारलं नाही कावून म्हनून.’

परतताना गल्लीत मी मावशीला विचारलं, ती पाठ फिरवायची तेव्हा तुम्ही का नाही विचारलं? त्या सहा महिन्यांत जबाबात काय लिहिलंय हे मावशीला ठाऊकच नव्हतं.

‘मले वाटलं, तिचं पोरगं मरून राहिलं होतं अन् मी नुसती बसून पायत होती, म्हनून तिले माहा राग आला,’ मावशी म्हणाली. ‘तो राग बरोबरच होता नं, साहेब?’