चाळणीवर गुंडाळलेली तार

अॅम्प्लिफायरचं गणित मी बिनचूक सोडवलं आणि मग त्याची तार पीठ चाळायच्या चाळणीला गुंडाळली. हे सांगितलं की नातवंडं हातातले फोन ठेवून हसतात. हसू द्या. तेव्हा माझ्या डोक्यात हवाच तेवढी होती. लग्नाआधी रेडिओ दुरुस्तीचा कोर्स केलेला, त्यामुळे सासरी येताना भांड्यांबरोबर सोल्डरिंग आयर्नही आणलेलं!

परळीत आमच्या घरावरून विजेच्या मोठ्या तारा जात. रेडिओ लावला की गाणं कमी, खरखर जास्त. त्यात सासूबाईंची धाकटी बहीण, युसूफ वडगाव या गावची, रेडिओसाठी जात्यावरच्या ओव्या गाऊन आली. एका संध्याकाळी त्या ओव्या रेडिओवर लागणार होत्या, एकदाच. सासूबाईंनी अख्ख्या गल्लीला आवतण दिलं.

"ह्या खरखरीत काय कळणार हाय गं?"

"आत्या, तुमी निवांत बसा. खरखर मी काढते."

जाड तांब्याच्या तारेचे थोडेसे वेढे घातले की गोल अँटेना होते. ती फिरवून खरखरीकडे पाठ करता येते. पण तिचा इंपिडन्स, म्हणजे सिग्नलच्या वाटेतला अडसर, अगदी कमी. म्हणजे ती रुंद तोंडाची कळशी आणि नेहमीचा अॅम्प्लिफायर चिंचोळी बाटली. मध्ये ट्रान्सफॉर्मरचं नरसाळं लागतं. मी म्हटलं, नरसाळं कशाला, बाटलीच रुंद तोंडाची करू! ट्रान्झिस्टरच्या बेस या नेहमीच्या पायाऐवजी एमिटर या पायाला तार थेट जोडली. जुन्या अँटेनाच्या तारा तर दिमाखात आधीच तोडून टाकलेल्या. आणि गोल सुबक यावा म्हणून वेढे घातले चाळणीच्या पत्र्याच्या कड्यावर.

रेडिओ मुका. नुसती बारीक सूं सूं.

"खरखर तेवढी गेली बघ," शेजारची काकू म्हणाली. बाया फिदीफिदी हसल्या.

मी ट्रान्झिस्टर बदलला, सेल बदलले, घाम पुसला. सासूबाई एकदा घड्याळाकडे बघत, एकदा माझ्याकडे. शेवटी उठल्याच.

"राहू दे. एवढ्या बाया आल्यात, भाकरी तरी टाकते. आण माझी चाळणी."

मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी वेढ्यांतून चाळणी हिसकून काढली. आणि रेडिओ बोलला! खणखणीत. पाठोपाठ युसूफ वडगावच्या मावशींचा आवाज.

चाळणीचं ते बंद कडं म्हणजे तारेचा तोंडं जुळलेला आणखी एक वेढा. आलेला सिग्नल तेच गिळत होतं. कोर्समध्ये हे अगदी सुरुवातीला शिकवलेलं. तेव्हा मी बहुधा मैत्रिणीच्या कानातले बघत होते.

सासूबाई चाळणी मांडीवर घेऊन खाली बसल्या, पदराने डोळे टिपत शेवटची ओवी संपेपर्यंत हलल्या नाहीत. मग चाळणी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "उद्यापसून पीठ तू चाळ. रेडिओचं मी बघते."