कदीरभाईंचं घरचं ऑफिस

सकाळी दहाच्या ठोक्याला कदीरभाईंचा फोन यायचा. "भाऊ, मले उठवता का?" ते अंजनगाव सुर्जीला घरी बसलेले आणि त्यांचा संगणक अमरावतीत आमच्या कचेरीत. घरच्या पडद्यावर ते तोच उघडत आणि पीकनुकसानीचे अर्ज भरत. पण सकाळी वीज गेली की कचेरीतला संगणक बंद पडे आणि त्याचं बटण दाबायला माणूसच लागे. तो माणूस मी.

घरून काम करायची मुभा त्यांना शमीमभाभींमुळे मिळाली होती. भाभींना लकवा झालेला. दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर पाठीला जखमा होतील, असं डॉक्टरांनी बजावलेलं. घरात तिसरं माणूस नव्हतं.

मग हुकूम आला, की घरी जुनं विंडोज असेल तर जोडणी बंद. कदीरभाईंच्या जुनाट डब्यावर नवं चालेना. त्यांनी विंडोजच्या जागी पेनड्राईव्हवरून फुकट मिळणारं लिनक्स चढवलं, तीन दिवस त्याच्याशी झटले. चौथ्या दिवशी कचेरीचा पडदा घरात उघडला, तेव्हा भाभी म्हणे अर्ध्या तोंडानं हसल्या. मी टोमणा मारला, की हे फुकटाचं किती दिवस टिकणार? ते म्हणाले, "हवाबी फुकटच हाय भाऊ. तुमी घेऊनच राहिले ना?"

त्यांचे अर्ज सगळ्यांआधी पुरे होत. साहेब माझ्यासमोर त्यांचं कौतुक करत. नापिकीची वर्षं. दारात शेतकऱ्यांची रांग, त्यांच्या शिव्या खायला मी आणि हा माणूस आपला घरी. मला ते सलायचं. आता कदीरभाई नाहीत, म्हणून लिहितो. एका सोमवारी वीज जाऊन परत आली आणि मी बटण दाबलं नाही. फोनवर म्हणालो, "मशीन सुरूच हाय. तुमचं लिनक्सच जुळून नाही राहिलं." मंगळवारीही तेच. बुधवारी साहेबांनी विचारलं. संगणकांची देखभाल माझ्याकडे, त्यांना त्यातलं काही कळत नसे. त्यांनाही मी तेच सांगितलं. त्यांनी कदीरभाईंना रोज कचेरीत यायला फर्मावलं.

ते येऊ लागले. येता-जाता दोन-दोन तास एसटीत. माझ्याशी आधीसारखंच बोलत, डब्यातली भाकर माझ्यापुढं सरकवत. दर दोन तासांनी शेजारणीला फोन, "आपा, जरा करवट बदल दो." वेचणीचा हंगाम आला तशी आपा कापसाला जाऊ लागली. फोन नुसता वाजत राही आणि कदीरभाई तो कानाला लावून बसून राहत.

भाभींच्या जखमा चिघळल्या, विष अंगात पसरलं. थंडी सरायच्या आत त्या गेल्या.

चाळिसाव्याला मी अंजनगावला गेलो. कबूल करायचं ठरवूनच गेलो होतो. चहाचा कप हातात देता देता तेच म्हणाले, "मले मालूम हाय भाऊ. मशीन बंद असली तर पडद्यावर येगळं येते, सिस्टीम जुळली नाही तर येगळं. पयल्याच दिवशी समजलं होतं."

"मंग साहेबाले काहून नाही सांगतलं?"

"तुमाले काढलं असतं त्यायनं. मले वाटलं, दोनचार दिवसांत तुमचा राग जाईन."

राग गेलाच होता. पहिल्या दिवशी ते एसटीतून उतरून घाम पुसत आत आले, तेव्हाच गेला होता. साहेबांना एक वाक्य सांगायचं तेवढं उरलं होतं. नोकरीच्या भीतीनं ते मी भाभी जाईपर्यंत सांगितलं नाही.