झेंड्याची मागची बाजू

तो झेंडा विश्रामकाकांनी वाईट शिवला नव्हता. मागची बाजू मी शिवलीच नव्हती.

आज काकांना जाऊन वर्ष झालं. हे मी कोणाला बोललो नाही. त्यांनाही नाही.
मी नववी नापास माणूस. लिहिण्यात चुका दिसतील, सांभाळून घ्या.

विश्रामकाका आमच्या लाँचचे सारंग. म्हणजे खलाशांचे मुकादम. वेंगुर्ल्याकडचे, आमच्याच वाडीतले. मला सिंगापूरला त्यांनीच आणलं.
इथे ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर फिरायला गेलात की समुद्रात नांगरलेली जहाजं दिसतात ना? त्यांच्यावर माणसं आणि सामान पोचवते ती आमची लाँच.

काही वर्षांपूर्वी पॅसिफिकमधल्या एका लहानशा देशाच्या राष्ट्राध्यक्ष बाई इथे स्टेट व्हिजिटला आल्या होत्या.
देश केवढा? सहा बेटं. संपला देश.
करार होणार होता. त्यांचे खलाशी इथे येऊन आमच्यासारख्या बोटींवर काम शिकणार. सहीच्या आदल्या दिवशी बाईंना बंदर दाखवायचं ठरलं, आणि त्यासाठी लाँच निवडली आमची.

काका चार दिवस आधीपासून नवरदेवासारखी दाढी करून हजर.

पण त्यांच्या देशाचा झेंडा नव्हता. सरकारी झेंडे आले ते इमारतीवर लावायचे, चादरीएवढे. आमच्या काठीला लहान पाहिजे.
ऑफिसवाला म्हणाला, "नो नीड लाह, अंकल. ओन्ली वन अवर."
काका माझ्याकडे बघून म्हणाले, "पावणी घराक येतली आणि पाट मांडूचो नाय?"

जुन्या जहाजांवर खलाशीच झेंडे शिवायचे म्हणे. काकांनी निळं कापड आणलं. पांढऱ्या कापडाचे बारा तारे कापले. सहा पुढून, सहा मागून.
पुढचे सहा त्यांनी स्वतः शिवले. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, जीभ दातात.
मागचे मला दिले.

"नीट शिव झिला. वारो खयसूनय येता."
"वारा कुठूनही येऊ दे काका, मागून कोण बघतंय?"
"मेल्या, एकेक तारो म्हणजे एकेक बेट. एक सुटलो तर तेंची माणसां खय जातली?"

त्या दुपारी मला तांजोंग पगारला जायचं होतं. एक एजंट मोठ्या जहाजावर कामाला लावतो म्हणाला होता.
मला एका जागी चैन पडत नाही. शाळेत नाही पडलं, गावात नाही पडलं, लाँचवर कुठून पडणार?
दोन्हीकडून चिकटते ती डबल टेप आणली. सहा तारे चिकटवले. गेलो.
एजंट भेटलाच नाही.

दुसऱ्या दिवशी लाँच निघाली. बाई पुढे बसलेल्या, बाजूला इथले मोठे साहेब. झेंडा ताठ. काका त्याच्याहून ताठ.
बंदराबाहेर वारा लागला, पाणी उडायला लागलं. आणि बाईंच्या बाजूने एक तारा सुटला. गरगरत पाण्यात.
मग दुसरा.

बाई मोठ्याने हसल्या. इंग्लिशमध्येच बोलल्या, पण एवढं मला कळलं.
"अरे, ते माझ्या आजीचं बेट गेलं!"

कोणी हसलं नाही. मग त्याच हळूच म्हणाल्या, आमच्याकडे समुद्र खरंच आत येतोय.
साहेबांनी पाण्याकडे बघितलं. म्हणाले, "वी आर ऑल्सो आयलंड, मॅडम."
त्यानंतर दोघं खुर्च्या जवळ घेऊन बोलत राहिले. कागदात न बघता.

धक्क्याला लागेपर्यंत सहाही तारे गेले होते.

बाई उतरल्यावर एक ऑफिसर आला. "हू डिड धिस?"
मी तोंड उघडेपर्यंत काका पुढे. "मी, सर. माय हँड. ओल्ड आईज."
मी दोर गुंडाळत होतो. गुंडाळतच राहिलो.

करार झाला. बाई गेल्या.
पुढे काकांचं इथलं कामाचं परमिट वाढवलं नाही. वय झालं म्हणाले. झेंड्याचं नाव कोणी काढलं नाही. माझ्या डोक्यातून मात्र ते जात नाही.

चांगी विमानतळावर सोडायला गेलो. आत जाताना खांद्यावर हात ठेवून म्हणाले,
"पुढच्या वेळेक सुई घे रे. टेप नको."

त्यांना माहीत होतं.
पहिल्यापासून.

गावाहून फोन करायचे. दर वेळी एकच. "उबीनवर गेललंस? फणस धरले काय?"
इथे होते तेव्हा प्रत्येक रविवारी बोटीने पुलाउ उबीन बेटावर जायचे. कोंबड्या रस्त्यात फिरतात, फणसाचा वास येतो, म्हणून. मला ओढायचे, मी जायचो नाही. फोनवर म्हणायचो, "बिझी आहे काका, बघतो."
मग एक दिवस फोन आला तो त्यांच्या मुलीचा.

गेल्या महिन्यात त्या करारातून आमच्या लाँचवर एक बाई शिकायला आल्या. टालिया नाव. माझ्याहून मोठ्या, घरी दोन मुलं.
लॉकर आवरताना त्यांना तो झेंडा सापडला. त्यांनी छातीशी धरला. मग उलटा केला.
मागे गोंदाचे सहा डाग.
एका डागावर बोट ठेवून म्हणाल्या, "माय हाऊस."

मी सुई मागून घेतली. पांढऱ्या कापडाचे सहा तारे नव्याने कापले.

आज पहिल्यांदा उबीनला आलोय. शेवटचा तारा बोटीतच शिवला. टाके वाकडे आलेत, बोटात दोनदा सुई गेली, पण ओढून बघितलं. निघत नाही.

फणस धरलेत काका. धक्क्यावरूनच दिसतायत.
मोठं जहाज मिळालं नाही. सध्या शोधतही नाही.

शब्द सजवून श्रद्धांजली मला जमत नाही. झेंडा उद्या लाँचवर चढवतोय, दोन्ही बाजूंनी पुरा.
वारो खयसूनय येऊ दे.

येतो काका.