अस्तर लावलेला वाघ

पोरांना गोष्ट दाखवावी म्हणून मी फळ्यावर घोंगडी ताणून बसवली. तिच्यावर लोकरी कापडाची चित्रं नुसती दाबली की चिकटतात. टेंभी नाक्यावरच्या शिंप्याला चारदा बजावलं, "वाघ नुसता कापून द्या, शिवू नका." त्याने सुई केसांतून फिरवत मान डोलावली. आणि ऐन तपासणीच्या सकाळी वाघ आणला तो मागून गुळगुळीत अस्तर लावून!

शाळा तपासायला आलेल्या दिपोटीसाहेबांच्या पुढ्यात वाघ तीनदा घसरून पडला. पोरं खिदळली.

"अहो, काय करून ठेवलंत हे?" मी दारात थांबलेल्या शिंप्यावर ओरडलो.

"मास्तर, पडला तर पडला. उसवला का?"

संध्याकाळी मी चिडून अस्तर ओरबाडायला बसलो. माझी दोन नखं तुटली. टाका एकही सुटला नाही.