छातीवरची फुली

मोठ्या डॉक्टरांनी खिशातलं पेन काढलं आणि आमच्या हिच्या उघड्या छातीवर फुली मारली. डावीकडे, खाली. शिकाऊ पोरांना छाती ऐकायची नळी कुठे ठेवायची ते कळावं म्हणून.

"क्लासिक केस आहे. सगळ्यांनी ऐकून घ्या."

सगळ्यांनी ऐकलं. रांग लावून. माझी बायको भिंतीकडे तोंड करून पडलेली. मी पडद्याजवळून म्हटलं, "अहो, अंगावर काहीतरी घाला तिच्या."

"काका, बाहेर थांबा. शिकवणं चाललंय."

लालबागला घरी आल्यावर तिने मोरीत बसून फुली घासघासून काढली. म्हणाली, "मी काय शाळेतला फळा आहे?"

पुढे तिच्या हृदयाची झडप बदलली. थोड्याच दिवसांत ती गेली.

नंतर एकदा हॉस्पिटलातून फोन. गोड आवाजाची मुलगी. "आजींना जिना चढताना दम लागतो का?"

"ती वारली."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज. मग, "तारीख सांगता? आमच्या अभ्यासात लिहायचीय."

अभ्यास! तेव्हा कळलं. बसवलेली झडप नवीन होती, तिचा अभ्यास चालला होता. सही माझीच. "ऑपरेशनची आहे, इथे करा," म्हणाले, केली. ती झडपेने गेली की रोगाने, मला आजवर ठाऊक नाही. कुणी सांगितलंच नाही.

आता माझी झडप आवळलीय. हॉस्पिटल तेच, परळचं. दुसरं परवडत नाही. खाटेवर बसलो होतो. तरुण डॉक्टरीण कागद घेऊन आली.

"काका, छाती उघडायची की मांडीच्या शिरेतून झडप न्यायची, ते कॉम्प्युटर चिठ्ठी काढल्यासारखं ठरवेल. सही करा."

"का? कुठलं बरं ते तुम्हाला ठाऊक नाही?"

"तेच तर शोधतोय. तुम्हाला नाही कळणार ते."

नाही म्हटलं आणि घरी पाठवलं तर? चाळीच्या जिन्यातच मरायचो. तरी कागद मागे सरकवला.

"कळेपर्यंत सांग, पोरी. मराठीत. किती जगले, किती मेले, तेपण सांग. मी कुठे पळून चाललोय?"

"बाकीचे पेशंट थांबलेत, काका."

"मग त्यांनापण बोलव. एकदमच सांग."

ती तणतणत मोठ्या डॉक्टरांना आणायला गेली. मी तिथेच बसून राहिलो. भीती हिच्या वेळी होती, आजही आहे. पण समजल्याशिवाय माझी सही मिळणार नाही. मेलो तरी नाही.